पेशंटजवळ थांबणाऱ्या माणसाला टीबीबद्दल कोण सांगतं?

मुक्ताई_न

हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. मी जिल्ह्याच्या ठिकाणी एका सरकारी दवाखान्यात मदतकक्षात बसते. केसपेपर कुठे काढायचा, फुले योजनेला कुठली कागदपत्रं लागतात, रक्ताची पिशवी कुठून आणायची, असली माहिती द्यायचं काम. त्यामुळे पेशंटपेक्षा माझा संबंध पेशंटबरोबर आलेल्या माणसांशीच जास्त येतो, आणि आज त्यांच्याबद्दलच लिहायचंय.

मेडिसिनच्या जनरल वॉर्डात कधीही जा, दोनचार पेशंट असे असतातच की महिना महिना खोकला आहे, संध्याकाळी बारीक ताप येतो, वजन उतरलंय, आणि टीबी आहे की नाही याचा रिपोर्ट अजून यायचाय. रिपोर्ट येईपर्यंत तो इतरांसारखाच एक पेशंट. त्याच्याजवळ बायको असते, नाहीतर आई, नाहीतर कामाचा खाडा करून आलेला धाकटा भाऊ. रात्री खाटेला लागून खाली चटई टाकून झोपायचं, खोकल्याची उबळ आली की उठून पाठ चोळायची, थुंकायचं भांडं तोंडापुढे धरायचं. पेशंटचा ताप, बीपी, गोळ्या सगळं कागदावर असतं, या माणसाचं नाव मात्र कुठल्याच कागदावर नसतं, असला तर एक पास.

मी त्यांच्याशी बोलता बोलता विचारते की टीबीबद्दल काय माहिती आहे. उत्तरं तीचतीच येतात. उष्टं खायचं नाही, ताट वेगळं ठेवायचं, आमच्या घराण्यात कुणाला नाही त्यामुळे आम्हाला होणार नाही, दारू पिणाऱ्याला होतो. आणि सगळ्यात जास्त जीव तुटतो तो खिडकीपाशी. जिने नवऱ्याचं ताट, पेला, टॉवेल सगळं वेगळं ठेवलंय तीच बाई रात्री उठून खिडकी लावून घेते, त्याला गार वारा बाधेल म्हणून. ज्याने काही होत नाही त्याची एवढी काळजी, आणि जिच्यामुळे तिचा स्वतःचा बचाव झाला असता ती खिडकी बंद. यात तिचा एका पैशाचा दोष नाही, तिला कुणी सांगितलेलंच नसतं.

टीबी हवेतून पसरतो, ताटावाटीतून नाही. फुप्फुसाचा टीबी असलेला माणूस खोकतो, शिंकतो, बोलतो तेव्हा जंतू असलेले अगदी बारीक कण हवेत जातात आणि बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात, उदबत्ती विझल्यावरही खोलीत वास राहतो ना तसे. एवढं एक वाक्य जरी भरतीच्या वेळी सोबतच्या माणसाला सांगितलं तरी खूप फरक पडेल असं मला मनापासून वाटतं.

२४ मार्चला, म्हणजे १८८२ साली रॉबर्ट कॉखने हा जंतू जगापुढे मांडला त्या तारखेला, सगळीकडे क्षयरोग दिन होतो, रॅली निघते, शाळेतली मुलं घोषणा देतात. चांगलंच आहे ते. पण जगात टीबी होणाऱ्या दर चार जणांतला साधारण एक आपल्या देशातला आहे, एकट्या महाराष्ट्रात वर्षाला दोन लाखांच्या वर पेशंटची नोंद होते, आणि यातल्या जवळजवळ प्रत्येकाजवळ कुणी ना कुणी बसलेलं असतं. त्या बसलेल्या माणसाला काय सांगायचं, कोणी सांगायचं, कसं सांगायचं यावर तुमचे अनुभव लिहा प्लीज. इथे नर्स आहेत, डॉक्टर आहेत, स्वतः पेशंटजवळ राहिलेले तर कितीतरी असतील.


प्राजक्ता_पुणे

फार गरजेचा धागा. माझ्या आतेबहिणीला बाळंतपणानंतर मानेत गाठ आली, सुई घालून तपासली तर टीबी निघाला. गाठीचा. डॉक्टर गोळ्या लिहून मोकळे झाले, बरोबर गेलेल्या सासूबाईंना कुणी काही समजावलं नाही. घरी आल्यावर तिचं तान्हं बाळ तिच्यापासून काढून घेतलं, वरचं दूध सुरू केलं, तिची खोली वेगळी, कप वेगळा. कितीतरी दिवसांनी दुसऱ्या एका डॉक्टरांनी सांगितलं की फुप्फुसात काही नसेल तर गाठीचा टीबी दुसऱ्याला होत नाही, बाळाला पाजायला काहीच हरकत नव्हती. तोवर दूध आटलं होतं. सासूबाई वाईट नाहीत हो, नातवासाठी घाबरल्या होत्या. त्या दिवशी ओपीडीतच दोन मिनिटं त्यांच्याशी कुणी बोललं असतं तर...


सिस्टरताई

मुक्ताई, खिडकीचं वाचून अगदी पोटातून पटलं. मी मुंबईत पालिकेच्या दवाखान्यात स्टाफ नर्स होते, आता रिटायर. नाइट ड्युटीला राउंड घ्यायचा, खिडक्या उघडायच्या, आणि पुढच्या राउंडला परत बंद. थंडीत तर विचारूच नका. मग मी युक्ती काढली, पेशंटला जास्तीचं ब्लँकेट द्यायचं आणि नातेवाइकाला म्हणायचं की वाऱ्यापासून त्याला ब्लँकेट वाचवेल आणि त्याच्या खोकल्यापासून तुम्हाला खिडकी वाचवेल. हे ऐकायचे लोक. नुसतं 'खिडकी उघडा' म्हटलं की वाटतं सिस्टर उगाच ओरडते.

आणखी काही गोष्टी ज्या सोबतच्या माणसाला रोज उपयोगी पडतात. बसायची जागा. वारा तुमच्याकडून पेशंटकडे आणि तिथून बाहेर जाईल असं बसायचं, म्हणजे पंखा किंवा दार तुमच्या पाठीशी. पेशंटच्या पायथ्याशी बसलात तर अजून बरं, तोंडासमोर नको. मास्क आधी पेशंटला, साधा तीन पदरी चालतो, कारण त्याचं काम बाहेर पडणारे थेंब तिथेच अडवायचं. सोबतच्या माणसाला साधा मास्क तितकासा पुरत नाही, बारीक कण कडेने आत जातात, त्याला एन-९५ हवा, नाकावर नीट चेपून. दोघांना मिळून एकच मास्क असेल तर तो पेशंटला लावा. पेशंटला धाप असेल, ऑक्सिजन चालू असेल तर जबरदस्ती करू नका, सिस्टरला विचारा.

आणि बेडका तपासायला द्यायचा असतो तेव्हा डबी घेऊन उघड्यावर जायचं, वॉर्डातल्या संडासात किंवा बाथरूममध्ये कोंडून घेऊन जोरजोरात खोकून काढायचा नाही. आणि त्या वेळी सोबतच्याने अगदी समोर उभं राहायचं नाही. हे खूप जण करतात, प्रेमाने धरायला जातात.


वास्तुरंग

सिस्टरताईंच्या मुद्द्याला जोडून, मी आर्किटेक्ट आहे म्हणून हा विषय वाचलेला आहे. पेरू देशात लिमाच्या ८ हॉस्पिटलांमध्ये मोजमाप करून केलेला एक अभ्यास २००७ मध्ये छापून आला. खिडक्या-दारं उघडी ठेवल्यावर खोलीतली हवा तासाला सरासरी २८ वेळा बदलत होती, सगळं बंद केल्यावर त्याच्या अठराव्या हिश्श्याइतकी. आणि पन्नास वर्षांपेक्षा जुन्या इमारतींत, उंच छत आणि मोठ्या खिडक्या असलेल्या, तासाला ४० वेळा, नव्या बांधणीच्या खोल्यांत १७. यंत्राने हवा खेळवायच्या खास खोल्यांसाठी जो १२ चा नियम आहे त्याच्याही हे कितीतरी वर आहे, आणि फुकट आहे.

आपल्याकडचे ब्रिटिशांच्या काळातले दगडी वॉर्ड आठवा, वरती झरोके, समोरासमोर खिडक्या, बाहेर व्हरांडा. ते बांधणाऱ्यांना औषध माहीत नव्हतं पण हवा माहीत होती. आता आपण त्याच वॉर्डात व्हरांड्याला अॅल्युमिनियमच्या काचा लावून आणखी खाटा घालतो, झरोक्यात कबुतरं येतात म्हणून प्लायवूड ठोकतो. कबुतरासाठी जाळी लावा ना, प्लायवूड कशाला.

आणि खासगीतल्या लोकांनीही निर्धास्त राहू नये. सेमी-प्रायव्हेट खोलीतला स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, खोलीतलीच हवा गार करून परत फिरवतो. बंद खोली, दोन पेशंट, दोन सोबतचे आणि रात्रभर तीच हवा. खोकणारा पेशंट असेल तर एसी बंद करून खिडकी उघडायला सांगा, उकडलं तर उकडू दे.


शिवारातला

माझं थोडं वेगळं मत आहे, राग मानू नका. मी लातूरकडचा. आमच्याकडं टीबी म्हटलं की माणूस तुटतो. गावातल्या एका पोराला टीबी निघाला, बायकोला डॉक्टर म्हणाले सांभाळून रहा, तर तिच्या माहेरचे दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन हजर आणि तिला घेऊन गेले. पोरगा दवाखान्यात एकटा, डबा द्यायला सुद्धा कुणी जाईना, शेवटी आम्ही मित्रांनी पाळ्या लावल्या. आता तुम्ही सगळ्या नातेवाइकांना भरतीच्या वेळीच म्हणायलेत की हवेतून होतो, मास्क लावा, लांब बसा, तर निम्मे लोक पेशंट टाकून पळतील. अज्ञानात निदान माया तरी होती. भीती घालून काय साधायचं? आधी पेशंटला माणसं हवीत.


मुक्ताई_न

शिवारातला दादा, राग कसला, हीच तर खरी अडचण आहे. मीपण असे एकटे पडलेले पेशंट पाहिलेत. पण मला वाटतं लोक पळतात ते अर्धवट सांगितल्यामुळे. 'सांभाळून रहा' म्हणजे काय करायचं हे त्या बायकोला कुणी सांगितलंच नाही, मग माहेरच्यांनी त्यांच्या परीने अर्थ लावला. तिला जर असं सांगितलं असतं की औषध सुरू झालंय, रोज घेतलं तर थोड्याच दिवसांत त्याच्यापासून होणारा धोका खूप कमी होईल, तोवर खिडकी उघडी, त्याच्या तोंडाला मास्क, तुमची एक तपासणी, जेवण एकत्र केलं तरी चालेल, तर ती राहिली असती का? मला वाटतं राहिली असती. निदान तिला माहेरच्यांसमोर बोलायला काहीतरी मिळालं असतं.

आणि ज्याला माहीत नाही तो मायेने थांबतो हे खरं, पण मग तोच वर्षभराने खाटेवर असतो. हे मी पाहिलंय म्हणून लिहितेय. नवरा बरा होऊन घरी गेला आणि नंतर त्याच वॉर्डात बायको, आणि या वेळी तिच्याजवळ थांबायला बारा-तेरा वर्षांची मुलगी, शाळा बुडवून.


डॉ_तालुका

ग्रामीण रुग्णालयात काम करतो. शिवारातला यांच्या मुद्द्यावर एक जुनी गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ती आपल्या देशातली आहे आणि जगाने तिच्यावरून धोरण बदललं. १९५६ मध्ये मद्रासमध्ये क्षयरोग उपचाराचं एक केंद्र सुरू झालं. तोवर समज असा होता की टीबीच्या पेशंटला सॅनिटोरियममध्येच, म्हणजे टीबीच्या खास दवाखान्यातच ठेवावं, घरी ठेवला तर घरच्यांना होईल. त्या केंद्राने गरीब वस्तीतले पेशंट घेतले, काहींना सॅनिटोरियममध्ये औषध, काहींना तेच औषध घरी, दाटीच्या एका खोलीच्या घरात. पेशंट दोन्हीकडे जवळजवळ सारखेच बरे झाले, आणि मुख्य म्हणजे घरी औषध घेणाऱ्यांच्या घरच्यांना टीबी जास्त झाला नाही. लागण बरीचशी आधीच, निदान व्हायच्या आधी झालेली असते. त्यानंतर हळूहळू सॅनिटोरियमं ओस पडत गेली.

तेव्हा पेशंटला टाकून जाण्याचं काहीही कारण नाही. साध्या, म्हणजे औषधांना दाद देणाऱ्या टीबीत नियमित गोळ्या सुरू झाल्यावर साधारण दोन आठवड्यांत दुसऱ्याला लागण व्हायची शक्यता खूपच खाली येते. धोक्याचा काळ हा त्याच्या आधीचा, जेव्हा पेशंट नुसताच 'खोकल्याचा पेशंट' असतो. औषधांना दाद न देणारा टीबी असेल तर हा हिशोब वेगळा, तिथे योग्य औषध सापडेपर्यंत जास्त काळजी घ्यावी लागते आणि ती डॉक्टरांनी नातेवाइकाला वेगळी समजावून सांगायलाच हवी.

अजून एक. जंतू शरीरात गेला म्हणजे टीबी झाला असं नाही. ज्यांना लागण होते त्यातल्या शंभरातल्या साधारण पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी आजार होतो, बाकीच्यांत जंतू झोपून राहतो. पण पाच वर्षांखालची मुलं, एचआयव्ही असलेले, डायबेटिसवाले, कुपोषित, आणि स्टेरॉइड किंवा डायलिसिसवर असलेले यांच्यात ही शक्यता वाढते. म्हणून 'कोण थांबणार' हे ठरवताना घरातल्यांनी हे बघावं. शुगर असलेल्या आजीऐवजी धडधाकट काका थांबू शकत असतील तर काकांनी थांबावं. लहान मुलांना वॉर्डात आणूच नये, बाबांना भेटायचंय म्हणून रडलं तरी व्हिडिओ कॉल करा.


वाघोलीकर१२

मी परवा मित्राच्या वडिलांना बघायला गेलो होतो, वीसेक मिनिटं बसलो, आता कळलं की त्यांना टीबी आहे. तपासणी करायची का? झोप उडालीय खरं सांगू तर.


सिस्टरताई

वाघोलीकर, शांत व्हा आधी. एकदा थोडा वेळ भेटून येणं आणि रोज रात्री शेजारी झोपणं यात फार फरक आहे. टीबीची लागण बहुतेक वेळा बंद जागेत, वारंवार, बराच वेळ सहवास झाल्यावर होते. तुम्हाला काही त्रास नसेल तर घाबरायचं कारण नाही. दोन आठवड्यांच्या वर खोकला, ताप, वजन कमी, रात्री घाम, बेडक्यात रक्त यातलं काही पुढे कधीही आलं तर मात्र मेडिकलमधून कफ सिरप आणून ढकलू नका, तपासा. आणि मित्राला विचारा की वडिलांजवळ रात्री कोण थांबतं. तपासणी त्याची व्हायला हवी.


मांडवीकाठ

गोव्यातून लिहितोय. तपासणीवरून आठवलं, ट्रूनॅट नावाचं जे यंत्र आता प्राथमिक आरोग्य केंद्रांत दिसतं ते आमच्या गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं. बॅटरीवर चालतं, एसी लागत नाही, बेडक्याचा रिपोर्ट तासाभरात आणि रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला जंतू दाद देतो का तेही त्यावर कळतं. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही त्याला मान्यता दिली. सांगायचा मुद्दा, नातेवाइकाने विचारायला शिकावं. 'पेशंटचा बेडका ट्रूनॅट किंवा सीबीनॅटला पाठवलाय का?' एवढं विचारा. (सीबीनॅट ही तशीच यंत्रावरची दुसरी तपासणी.) काचपट्टीवर बघायच्या तपासणीत जंतू कमी असले तर सुटून जातात. रिपोर्ट जितका लवकर तितके तुमचे धोक्याचे दिवस कमी.


प्राजक्ता_पुणे

पण विचारलं की डॉक्टर चिडतात हो. 'तुम्ही गूगल वाचून आलात का' म्हणतात.


डॉ_तालुका

काही जण चिडतात, खरं आहे, आणि ते बरोबर नाही. वॉर्डात एका डॉक्टरवर साठ-सत्तर पेशंट असले की तो नातेवाइकाकडे बघतही नाही, पण म्हणून तुम्ही विचारायचं थांबवू नका. राउंडच्या गडबडीत न विचारता दुपारी सिस्टरना विचारा, किंवा दवाखान्यातल्या टीबी विभागात जा, तिथे एसटीएस म्हणून माणूस असतो, सिनिअर ट्रीटमेंट सुपरवायझर, त्याचं कामच ते आहे. नाहीच कुणी भेटलं तर निक्षयची, म्हणजे सरकारच्या टीबी नोंदणीच्या यंत्रणेची, टोल फ्री हेल्पलाइन १८००-११-६६६६.


लेस्टरकर

इथे इंग्लंडमध्ये माझ्या ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याला टीबी निघाला तेव्हा टीबीच्या नर्सने आधी त्याच्याशी बसून यादी केली, घरात कोण, गाडीत शेजारी कोण बसतं, कुणाबरोबर किती तास. मग त्या यादीतल्या प्रत्येकाला बोलावून रक्ततपासणी आणि गरज पडली तर एक्सरे. मी यादीत होतो. सगळ्यात आवडलेली गोष्ट, नर्सने पेशंटचं नाव आम्हाला सांगितलं नाही. आपल्याकडे माणसं खूप, नर्स कमी, मला कल्पना आहे. पण यादी करायला यंत्र लागत नाही. भरतीच्या कागदावरच एक ओळ असावी, 'रात्री जवळ कोण थांबतं', आणि पुढे 'तपासणी झाली का'. मुक्ताई म्हणतात ना की सोबतच्याचं नाव कुठल्याच कागदावर नसतं, तिथून सुरुवात करा.


डॉ_तालुका

लेस्टरकर, ही यादी आपल्या कार्यक्रमातही आहे. पेशंटची नोंद निक्षयवर झाली की घरातल्यांची तपासणी करायची, आशाताई घरी जातात. २०१२ पासून खासगी डॉक्टरांनाही प्रत्येक टीबी पेशंट कळवणं बंधनकारक आहे. आणि २०२१ पासून धोरण असं की फुप्फुसाचा टीबी असलेल्या पेशंटच्या घरातल्या सगळ्यांना, फक्त लहान मुलांना नव्हे, आजार नाही याची खात्री करून प्रतिबंधक औषध द्यायचं. एक तर आयसोनियाझिड रोज ६ महिने, किंवा आठवड्यातून एकदाच घ्यायचं औषध १२ आठवडे. अडचण एवढीच की आशाताई जाते पेशंटच्या पत्त्यावर. पण वॉर्डात रात्री थांबणारा मेहुणा दुसऱ्या गावचा असतो, तो तिला घरी सापडत नाही. म्हणून वॉर्डातच विचारायला हवं, हे तुमचं शंभर टक्के बरोबर.


अनघा_जोगळेकरवाडी

जेवणाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. सोबतचा माणूस जेवतो काय? पेशंटला दवाखान्याचं जेवण मिळतं, याला नाही. सकाळी चहा-पाव, दुपारी पेशंटने उरवलेलं, रात्री वडापाव, आणि असं पंधरा-पंधरा दिवस. टीबी व्हायला कुपोषण हे आपल्या देशातलं सगळ्यात मोठं कारण मानतात. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांनी राशन्स नावाचा मोठा अभ्यास केला, २८०० पेशंटच्या घरातले दहा हजारांवर लोक. निम्म्या ठिकाणी फक्त पेशंटला धान्य-डाळीची पिशवी, बाकी ठिकाणी घरातल्या सगळ्यांनाही. जिथे घरच्यांनाही मिळालं तिथे त्यांच्यात नवा टीबी ३९ ते ४८ टक्क्यांनी कमी झाला. तांदूळ आणि डाळीने! मी हे वाचलं तेव्हा कितीतरी वेळ सुन्न बसून होते.

पेशंटला निक्षय पोषण या सरकारी योजनेतून आहारासाठी आधी महिना ५०० रुपये मिळायचे, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झालेत, ते बँक खात्यात येतात, त्यासाठी खातं आणि आधार टीबी विभागात द्या हे नातेवाइकाला सांगा, खूप जणांना माहीतच नसतं. आणि जी मंडळं दवाखान्याबाहेर अन्नछत्र चालवतात त्यांना विनंती, खिचडीत डाळ वाढवा, जमलं तर एक उकडलेलं अंडं किंवा मूठभर शेंगदाणे-गूळ द्या. सोबतच्या माणसासाठी तेही औषधच आहे.


शिवारातला

हे अन्नाचं पटलं. आमच्या मंडळात विषय काढतो. आणि मुक्ताईताई, तुम्ही लिहिलेलं परत वाचलं. त्या पोराच्या बायकोला खरंच कुणी नीट बसून सांगितलं नव्हतं. सांगायचं तर मग पहिलं वाक्य 'हा बरा होतो' हे असू द्या. भीतीचं वाक्य नंतर.


मुक्ताई_न

दादा, हे लगेच घेते. वॉर्डाबाहेर लावायला एक फलक लिहितेय, कच्चा असा आहे, सुधारून द्या:

'टीबी पूर्ण बरा होतो, औषध मोफत आहे. पेशंटला सोडून जाऊ नका. ताट, कपडे, हात लावणं यातून टीबी होत नाही. तो खोकल्यातून हवेत जातो. म्हणून खिडकी उघडी ठेवा. पेशंटला मास्क लावा. तुम्ही रात्री इथे थांबता का? मग तुमचीही तपासणी करून घ्या, खोली अमुक, वेळ अमुक. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर आजच सांगा.'


सिस्टरताई

छान आहे. थुंकी राहिली. झाकणाच्या डब्यात थोडं फिनाइलचं पाणी घालून त्यात थुंकायचं, खिडकीतून किंवा जिन्यात नाही. आणि फलक वॉर्डाच्या दारावर नको, तिथे थांबून वाचायला वॉचमन देत नाही. पिण्याच्या पाण्याच्या नळाजवळ, मोबाइल चार्जिंगच्या बोर्डाजवळ आणि औषधाच्या खिडकीपुढे जिथे रांग असते तिथे लावा. माणूस तिथे उभा असतो आणि त्याला करायला काही नसतं.


खानदेशी_रानवाट

आमच्या नंदुरबारकडे फलकाने भागणार नाही. धडगाव-अक्कलकुव्याहून आलेल्या बायांना पावरी, भिली कळते, मराठी वाचता येत नाही. त्यांना सांगायला त्यांच्यातलीच आशाताई किंवा वॉर्डातली मावशी लागते. मावशी हा फार मोठा माणूस असतो वॉर्डात, डॉक्टरांपेक्षा नातेवाईक तिचं ऐकतात. तिला शिकवा आधी. आणि हो, तिचीसुद्धा तपासणी करा, ती तर वर्षानुवर्षं तिथेच आहे.


सिस्टरताई

मावशींबद्दल लिहिलंत, डोळ्यात पाणी आलं. माझ्याबरोबरच्या काही मावश्यांना आणि वॉर्डबॉयना टीबी झाला, सगळेच वाचले नाहीत. त्यांच्यासाठीसुद्धा त्या खिडक्या उघड्या राहायला हव्यात.


पाथर्डीकर

सगळा धागा एका बैठकीत वाचला. माझी बायको गेले काही दिवस तिच्या भावाजवळ दवाखान्यात रात्री थांबतेय, काल त्याचा रिपोर्ट आला, फुप्फुसाचा टीबी. गोळ्या आजपासून सुरू. बायकोला त्रास काही नाही, पण तिला शुगर आहे. दिवसा ती घरी येते आणि आमची मुलगी ४ वर्षांची आहे. मुलीला बीसीजीची लस दिलेली आहे जन्मल्यावर, मग तिला धोका नाही ना? आणि कुठे जाऊ, मोठ्या खासगीत जाऊ का?


डॉ_तालुका

पाथर्डीकर, घाबरू नका, पण उशीरही करू नका. खासगीत जायची गरज नाही. त्याच दवाखान्यातल्या टीबी विभागात सकाळी बायकोला घेऊन जा, मेहुण्याचा रिपोर्ट किंवा निक्षय नंबर बरोबर न्या आणि सांगा की ही रात्री जवळ थांबते, हिला शुगर आहे. तिचा छातीचा एक्सरे काढतील, खोकला असला तर बेडका. आजार नसेल तर प्रतिबंधक गोळ्यांबद्दल स्पष्ट विचारा, शुगरच्या गोळ्या कुठल्या चालू आहेत ते आवर्जून सांगा, त्यांचा एकमेकींवर परिणाम होऊ शकतो. शुगर आटोक्यात आहे का तेही त्याच दिवशी बघून घ्या. रात्रीसाठी तूर्त दुसरं कुणी थांबू शकलं तर उत्तम.

बीसीजी लहान मुलांना मेंदूच्या टीबीसारख्या गंभीर प्रकारांपासून बरंच वाचवते, पण पूर्ण कवच नाही. मुलगी दवाखान्यात मामाजवळ राहिलेली नाही, पण आजारी पडायच्या आधी तो तुमच्याकडे राहायला होता का, मुलगी त्याच्या अंगाखांद्यावर असायची का, हे आठवा. तसं असेल तर तिलाही घेऊन जा, खोकला नसला तरी. लहान मुलांत खोकला नसतोच बऱ्याचदा, वजन वाढत नाही, मूल किरकिर करतं, खेळत नाही, एवढंच दिसतं. तिच्या वजनाचं कार्ड असेल तर ते न्या.


पाथर्डीकर

तो दिवाळीपासून आमच्याकडेच होता. मुलगी त्याच्याजवळच झोपायची.


डॉ_तालुका

मग मुलीला उद्याच न्या, बायकोबरोबरच. तुम्हीही तपासून घ्या, एकाच घरात होतात. तिला आजार नाही असं ठरलं तर वजनाप्रमाणे प्रतिबंधक औषध सुरू करतील. मधे सोडू नका, मूल चांगलं खेळतंय मग औषध कशाला असं घरातलं कुणीतरी म्हणेलच. आणि उद्या सगळ्यांचे रिपोर्ट चांगले आले तरी पुढची दोन वर्षं लक्ष ठेवा, लागण झाल्यावर आजार व्हायची शक्यता त्याच काळात सगळ्यात जास्त असते. कुणी टाळाटाळ केली तर मला इथे विपू (विचारपूस, म्हणजे निरोप) करा, मी तुमच्या जिल्ह्यातल्या टीबी विभागाशी बोलतो.